प्रतिविपळ

क्लाइव्ह पेटिट म्हणाला, उशीर होतोय.
मी डॅशबोर्ड उघडून दाखवला. सगळं हिरवं.
सरासरी अठ्ठेचाळीस मिलिसेकंद,
करारात साठ चालतात.
असेल, तो म्हणाला,
पण पेटी माझ्या हाताच्या मागे राहतेय.

डिसेंबरात फेलिक्स्टोला
पावणेचारलाच दिवे लागतात.
एकोणतीस वर्षं हा माणूस क्रेनच्या केबिनमध्ये बसला,
चाळीस मीटर उंच, पायाखाली काच;
वारा फिरला की म्हणे आधी कुल्ल्यांना कळायचं,
मग डोळ्यांना.
आता तो शेडच्या पहिल्या मजल्यावर बसतो.
हीटर, किटली, सहा पडदे, दोन दांडे.
क्रेन पाऊण मैलावर, केबिन रिकामी.
आणि मधे मी,
म्हणजे मी लिहिलेल्या ओळी,
त्याचं मनगट नेणाऱ्या, चित्र आणणाऱ्या.

तो मला 'खाम' म्हणतो. खांबेटे त्याला झेपत नाही.

आमच्या आजोबांच्या पंचांगात
घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं,
आणि विपळाची पुन्हा साठ प्रतिविपळं.
लहानपणी मी विचारलं होतं,
एवढा बारीक काळ लागतो कुणाला?
ते म्हणाले, लागत असेल कुणाला तरी.
परवा मी हिशेब केला.
प्रतिविपळ म्हणजे पावणेसात मिलिसेकंदांना जरा कमी.
लागतो, आजोबा. इथे एकाला लागतो.

तीन रात्री त्याच्या शेजारी बसले.
नुसतं त्याच्या हाताकडे पाहत.
शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा हात सैल.
मग एकदा अंगठा पांढरा पडायचा,
दांडा थांबायचा,
वीस टनांची पेटी हवेत झुलायची
आणि तो तिची वाट पाहायचा,
जशी वाट पाहतात
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची.
सरासरीला हे दिसत नाही.
सरासरीला अंगठा नसतो.

तिसऱ्या रात्री, दोन वीसला, सापडलं.
लंडनचे सर्व्हर भरले की
आमची पॅकेटं मुकाट्याने डब्लिनला जात होती.
समोरची क्रेन, खिडकीतून दिसणारी,
आणि तिचं चित्र समुद्र ओलांडून
दुसऱ्या देशात जाऊन परत येत होतं.
काखेत कळसा, गावाला वळसा.
वळसा कुणी घातला ते शोधलं.
मार्चमधली एक ओळ, खर्च वाचवायला टाकलेली.
खाली नाव माझंच.

हे क्लाइव्हला सांगायचं होतं.
कळसा म्हणजे काय, काखेत का,
गाव कुठलं.
माझं इंग्रजी नेहमीच असं वळणाने येतं;
मीटिंगमध्ये प्रश्न येतो, आत जातो,
मराठीत उतरतो, उत्तर घेऊन निघतो,
तोवर तिकडे कुणीतरी बोलून गेलेलं असतं
आणि मी तोंड उघडं ठेवून
आधीच पोचलेल्या वाक्याकडे बघत राहते.
माझा कुणी आलेख काढत नाही. बरं आहे.

क्लाइव्ह थांबला.
पेटीसाठी थांबतो तसाच, दांड्यावर हात ठेवून.
मी म्हटलं, चूक माझी होती.
एवढंच निघालं, सरळ.
तो म्हणाला, चहा घेणार?

गुरुवारी एक छोटं यंत्र आणून
शेडमध्येच बसवलं, किटलीच्या वरच्या फळीवर.
आता चित्र गावाबाहेर जात नाही.
क्लाइव्हने पहिली पेटी उचलली,
लॉरीवर आणली, सोडली.
आवाज झाला नाही म्हणजे नीट बसली.
दुसरी. तिसरी. अंगठा गुलाबी.
आभारबिभार काही नाही.
पाचव्या पेटीनंतर, पडद्यावरून नजर न काढता,
म्हणाला, किती राहिलं?

नऊ, मी म्हटलं. लगेच.

म्हणजे आहे अजून, तो म्हणाला,
आणि सहावी उचलली.